आईच्या दोन तिथी

सा देक
१० ऑक्टोबर १९८४

चि. लुआन यास थोमताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं जूनमधलं पत्र सप्टेंबर संपता संपता पोचलं. पाकीट नेहमीसारखं आधी कोणीतरी उघडून, वाचून, परत चिकटवलेलं. जो कोणी हे काम करतो त्याला माझं सांगणं आहे की बाबा, वाच खुशाल, पण पेज जरा दाट लाव. या वेळी तुझा फोटो अर्धा बाहेर लोंबत आला. आईने तो पदराने पुसून उशीखाली ठेवलाय. पितरांच्या चौरंगावर मांडू का, म्हणून मी थट्टेने विचारलं, तर चप्पल शोधायला लागली. जित्या माणसाचा फोटो चौरंगावर ठेवतात का गं भवाने, म्हणाली.

आई खाली बसली की उठवायला मी आणि माझी लेक क्वेन, दोघी लागतो. खाणं चिमणीएवढं, तोंड मात्र शाबूत. डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद करायला सांगितलं, तर तिने त्यांना सांगितलं की तुमचं लग्न ठरलं की मी मीठ सोडीन, तोवर दोघींनीही वाट बघायची.

क्वेनचं कॉलेजचं याही वर्षी झालं नाही. मार्क होते. अर्जात मामाचं नाव लिहावं लागतं. बाकी तू समजून घे.

यंदा तेत लवकर आहे, नवं वर्ष २१ जानेवारीलाच लागतं. फुलवाल्यांची आत्तापासून धांदल. माईच्या फुलझाडाची पानं वर्षाच्या शेवटच्या, म्हणजे चाप महिन्याच्या पंधराव्या दिवशी हाताने खुडायची, म्हणजे नववर्षाला झाड पिवळंधमक. यंदा तो दिवस पाच जानेवारीला येतो. अंगणातलं झाड आई स्वतःच खुडणार म्हणते, स्टुलावर बसून.

आपलं ठरलेलं विसरू नकोस. पहिल्या दिवशी दुपारी बाराला मी ताट वाढीन, तुझा वाडगा आणि काड्या मांडीन. तुझ्याकडे तेव्हा सकाळचे सहा. तू उदबत्ती लाव. तू गेल्यापासून पाच वर्षं हे चुकलेलं नाही. आईच्या लेखी तेवढी घटकाभर तू घरी असतोस. तिच्याकडे बघून मला वाटतं, हे तिचं शेवटचं तेत. सहाला उठ म्हणजे झालं.

मफलर वापर. लोभ आहेच, वाढवायला जागा उरलेली नाही.

तुझी,
थोमताई

—

पॅरिस
१२ नोव्हेंबर १९८४

ती. थोमताईस लुआनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. क्वेनचं वाचून दिवसभर भांडी घासताना दोन बशा फोडल्या. मालक म्हणाला, मास्तर, राग बशीवर काढू नका. इथे मला सगळे अजून मास्तर म्हणतात. सायगॉनच्या शाळेतला फळा गेला, हुद्दा चिकटून राहिला.

ताई, तेतबद्दल तुला नाही म्हणावं लागणार आहे. रागावण्याआधी पूर्ण वाच.

सदुसष्ट साली हनोईवाल्यांनी स्वतःच्या घड्याळाबरोबर पंचांगही एका तासाने सरकवलं. एरवी त्याने फरक पडत नाही. पण यंदा त्या एका तासामुळे अधिक महिना त्यांच्याकडे एका जागी पडतो आणि आपल्या सायगॉनच्या जुन्या पंचांगात दुसऱ्या. सबंध महिन्याचा फरक. बाबांच्या हयातीत जे पंचांग भिंतीवर होतं, त्याप्रमाणे तेत २० फेब्रुवारीला आहे. २१ जानेवारीला आपला चाप महिना नुकता सुरू होतो.

अडुसष्ट साल आठव. त्या वर्षी त्यांचं तेत आपल्या एक दिवस आधी झालं. स्वतःचा सण उरकला आणि आपला चालू असताना बंदुका काढल्या. भावोजी दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यात पडले, नवा सदरा अंगात होता. त्यांच्या पंचांगाने मी सण करू?

त्यांनी माझं शहर घेतलं, त्याचं नावसुद्धा ठेवलं नाही. तीन वर्षं छावणीत मला कंद खणायला लावले आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या चुका लिहायला लावल्या. एवढ्या चुका माझ्याकडे नव्हत्या, मग शेजाऱ्याच्या मागून घेतल्या. आता चंद्रही त्यांच्या परवानगीने उगवायचा असेल, तर मी होडीत बसून बाहेर पडलो कशाला?

इथल्या आम्हा निर्वासितांच्या समितीने ठरवलंय. रोज एक पान फाडायचं भिंतीवरचं पंचांग आम्ही जुन्या हिशेबाने छापतोय, दोन हजार प्रती. माझं मासिक निघतं त्याच तळघरातल्या छापखान्यात मीच उभा असतो. तुम्हीही घरातल्या घरात, दार लावून, २० फेब्रुवारीला तेत करा. त्या दिवशी सकाळी सहाला मी चौरंगासमोर असेन. आईला समजावून सांग. ती माझी आई आहे, तिला कळेल.

मफलर वापरतो. लोभ असू दे, या पत्रानंतरही.

तुझा,
लुआन

—

सा देक
२० डिसेंबर १९८४

चि. लुआन यास अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. वि. वि.

तुझं पत्र या वेळी महिन्यातच आलं. वाचणाऱ्याला गोडी लागली असावी. तू रागाच्या भरात चार ओळी खरडतोस, इथे मला वॉर्डाच्या कचेरीत दोन दुपारी बसून त्यांचा पांचट चहा प्यावा लागतो. फक्त चहा, दुसरं काही नाही. पण तोही मला आवडत नाही.

तुझं पंचांगाचं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी शाळा पाहिली नाही, तुझ्या जुन्या पुस्तकांवर आणि पुडीच्या कागदांवर अक्षरं शिकले. पण झाडं मला कळतात. पानं खुडल्यावर माई पंधरा दिवसांनी फुलते. हनोईचं ऐकत नाही, तुझंही ऐकत नाही.

आणि दार लावून सण म्हणजे काय रे? तेत म्हणजे दार उघडं. बंद दाराआड केळीच्या पानात बांधलेले भाताचे उंडे शिजवले तर वास कुठे लपवू?

तुझ्या भावोजींचं नाव काढलंस म्हणून सांगते. नवरा माझा गेला. सदरा मी शिवला होता आणि मीच धुतला. त्या सदऱ्याचा राग सोळा वर्षं तू वाहतोयस, मला कधी विचारलंस का, की ताई, हे ओझं तुझं, मी उचलू का?

असो. आईला सगळं वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं नाही. वाटलं, रडेल. तर म्हणाली, माझं पोर लहानपणीही सगळ्यांचं जेवण झाल्यावरच ताटावर बसायचं. तिने ठरवलंय की माईच्या झाडाची उजवी बाजू पाच जानेवारीला खुडायची, सरकारी तेतसाठी. डावी बाजू महिन्याने, तुझ्या तेतसाठी. म्हणते, दोन्ही तेत बघूनच जाईन, यमाला सांगा की एक म्हातारी अजून जेवतेय.

पण माझ्याकडे हळूच म्हणाली की तो २१ तारखेलाही उदबत्ती लावेल, तुम्हाला कुणाला न सांगता. ओळखते मी त्याला.

लुआन, तिला खोटी पाडू नकोस. एक काडी ओढायची आहे. तुझ्या समितीला वास जाणार नाही.

लोभ तुझ्यावर आहे, तुझ्या हट्टावर नाही.

थोमताई

—

सा देक
१८ फेब्रुवारी १९८५

चि. लुआन यास आशीर्वाद. वि. वि.

तार मिळाली असेल. आई २६ जानेवारीला, तेतच्या सहाव्या दिवशी गेली. सकाळी पेज घेतली, क्वेनला म्हणाली की केस विंचर, मला पाठ टेकायची आहे. विंचरून होईपर्यंत गेली होती. फणी केसांतच होती.

तेत तिने सगळं केलं. पाच तारखेला स्टुलावर बसून उजवी बाजू खुडली, हात पोचला नाही तिथे मला शिव्या देऊन खुडून घेतली. पहिल्या दिवशी ती बाजू अशी फुलली की रस्त्यावरचे लोक थांबून विचारायचे, अर्ध्या झाडाला काय झालं. बाराला तिला चौरंगासमोर बसवलं. कारल्याचं सार, नारळपाण्यात शिजवलेलं मांस आणि अंडी, तुझा वाडगा, तुझ्या काड्या. उदबत्ती पूर्ण जळेपर्यंत उठली नाही. समाधानाने गेली, एवढं तुला सांगते.

तू नव्हतास. सुतकात डोक्याला बांधायचं पांढरं फडकं तुझ्या नावाने चौरंगावर घडी घालून ठेवलं होतं. मुलगा शवपेटीच्या मागे चालतो, तिथे क्वेन चालली. लोकांनी विचारलं, मुलगा कुठे? वॉर्डाचे दोघे रस्त्याच्या पलीकडे उभे होते, त्यांनाही तोच प्रश्न असावा.

तुझ्या तेतसाठी बांधलेले दोन उंडे तुळईला टांगलेले आहेत. आईनेच दोऱ्या आवळल्या होत्या. परवा तुझं तेत आहे म्हणे. सुतकात आम्हाला कसलं तेत, पण उंडे उतरवायला हात होत नाही. झाडाची डावी बाजू खुडायचा दिवस येऊन गेला. मी खुडली नाही.

आता कामाचं. थडग्याचा दगड आणलाय. पाथरवटाने नाव कोरलंय, तिथीची जागा मोकळी आहे. तो जुन्या वळणाचा म्हातारा, मुलगा हयात असताना त्याच्या शब्दाशिवाय तिथी कोरत नाही. पहिल्या महिन्याची सहावी, रेड्याचं वर्ष, एवढं लिहून पाठव. दर वर्षी त्या दिवशी दुपारी बाराला मी आईचं पान वाढीन, तू तुझ्याकडे सकाळी सहाला. पूर्वीसारखं.

जेवत जा. आता मागे कोणी विचारणारं नाही, मी सोडून.

थोमताई

—

पॅरिस
२५ मार्च १९८५

ती. थोमताईस सा. न. वि. वि.

तार हातात आली तेव्हा मी छापखान्यात होतो. शाईच्या हातानेच उघडली. ती अजून खिशात आहे, अक्षरं दिसत नाहीत, पण मला पाठ आहेत.

पांढरं फडकं मी इथे बांधलं. शेजारणीने विचारलं, डोकं दुखतंय का. हो म्हणालो.

दगडाबद्दल. ताई, मी या घरातला एकुलता मुलगा आहे. मला येऊ देत नाहीत, खांदा देऊ दिला नाही. वकिलातीत एक छापील कागद ठेवलाय, माझा देशद्रोह मला कबूल आहे, म्हणून सही करा, मग विचार करू. आईच्या मातीला यायचं तर आधी स्वतःवर थुंकून या. मी सही केली नाही. मुलगा म्हणून माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे, ती तिथी.

आई तेतनंतर गेली नाही. तेतच्या आधी गेली. चाप महिन्याची सहावी, उंदराचं वर्ष अजून चालू. वय तेतलाच वाढतं, म्हणून ब्याऐंशी, त्र्याऐंशी नव्हे. माझ्या आईच्या दगडावर मी त्यांचा आकडा बसू देणार नाही. जिवंतपणी रेशनकार्डावर, ओळखपत्रावर, सगळीकडे त्यांचे शिक्के सोसले तिने. मेल्यावर तरी नको. हा माझा शब्द समज आणि पाथरवटाला दाखव.

मी चाप महिन्याच्या सहावीलाच आईचं करीन. तुलाही हात जोडून तेच सांगतो.

लोभ ठेवावा असं म्हणायचं धाडस होत नाही. तरी ठेव.

लुआन

—

सा देक
२ जून १९८५

चि. लुआन यास आशीर्वाद. वि. वि.

तुझा शब्द पाथरवटाला दाखवलेला नाही. पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलंय. दगडावरची जागा मोकळी आहे आणि तू मला पहिल्या महिन्याची सहावी लिहून देईपर्यंत मोकळीच राहील. मीही त्याच बाईची मुलगी आहे, हट्ट काय एकट्या तुला वाटून आला नाही.

चाप महिन्याची सहावी म्हणतोस. तुझ्या हिशेबाने आईने तेत पाहिलंच नाही. ती उजवी बाजू, ते सार, ती घटकाभर बसणं, सगळं झालंच नाही म्हणायचं? तिच्या आयुष्यातला शेवटचा सण तू एका सहीने पुसतोयस. सही करत नाहीस म्हणून एवढं नाव तुझं, इथे बरी करता आली.

तुझ्या तत्त्वांचा मान मी ठेवला. तुझ्या मासिकाचा अंक निघाला की मी चहा प्यायला जाते. क्वेन कॉलेजऐवजी कुंड्या उचलते. त्याबद्दल तुला कधी बोलले नाही, आज बोलते, कारण आज मला राग आलाय.

आणखी एक गोष्ट सांगायची नव्हती. तेतच्या दुसऱ्या दिवसापासून आई विचारत होती, लुआनचं काही आलं का? उदबत्ती लावली ना त्याने? पॅरिसहून पत्राला महिने लागतात हे तिला उमजत नव्हतं. दिवसातून दहा वेळा. चौथ्या दिवशी जेवण थांबलं. तेव्हा मी खताच्या दुकानाची पावती हातात धरली आणि तिच्यापुढे बसून वाचली, की आई, तार आली बघ. लिहिलंय, उदबत्ती लावली, पोटभर जेवलो, सार छान झालं होतं, तुझा लुआन.

आई म्हणाली, परत वाच. मी परत वाचली. दुसऱ्या वेळी दोन शब्द बदलले, तर तिने पकडलं. मग तिने पावती मागितली आणि उशीखाली तुझ्या फोटोशेजारी ठेवली. वाटीभर पेज प्यायली.

शवपेटीत ती पावती तिच्या हाताशी ठेवली आहे. तीस किलो खत, आणि खाली दुकानदाराची सही. तुझी तार म्हणून घेऊन गेली ती.

मी समाधानाने गेली असं लिहिलं होतं, ते खरं आहे. कशाच्या समाधानाने, ते आता सांगितलं. तू त्या सकाळी खरंच काय केलंस ते मला विचारायचं नाही. ऐकायची हिंमत नाही.

तब्येत सांभाळ.

थोमताई

—

पॅरिस
८ सप्टेंबर १९८५

ती. स्व. थोमताई यांस कांगचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी लुआनमास्तरांसोबत एकाच होडीतून आलो, इथे भाजीचं दुकान चालवतो. हे पत्र त्यांच्या नकळत लिहितोय, तेव्हा माझं नाव सांगून मला शिव्या खायला लावू नका.

ताई, तेतवरून आमची समिती फुटली. लोक म्हणाले, घरी म्हातारी माणसं २१ जानेवारीला ताट वाढणार, आपण इथे महिनाभर उपाशी बसायचं का? हात वर करायला सांगितले. अकरा हात वर, मास्तरांचा खाली. मीही वर केला. अध्यक्षपण त्यांनी तिथल्या तिथे सोडलं, टोपी घेतली आणि निघाले. दोन हजार पंचांगांतली सत्तर-ऐंशी गेली असतील. बाकी माझ्या तळघरात आहेत. भाजी बांधायला लोक मागतात, मी देत नाही.

२० फेब्रुवारीला त्यांनी खोलीत एकट्याने तेत केलं. सुतक होतं, पण म्हणाले, मी नाही केलं तर कोणीच करणार नाही. मी डोकावलो, तर खाली रस्त्यावर चिनी लोकांचे ढोल आणि सिंहाचा नाच. बीजिंगचं तेत त्याच दिवशी ना! मी मूर्खपणाने थट्टा केली, की मास्तर, हनोईच्या मांडीवरून उठलात आणि थेट बीजिंगच्या मांडीवर बसलात. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. खिडकी लावून घेतली.

ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आलं, तेव्हापासून बोलणंच बंद. रविवारी वकिलातीपुढे झेंडा घेऊन अजून उभे राहतात, एकटेच. खोलीत ते जुनं पंचांग आहे, रोज पान फाडतात. त्यांच्याजवळ आता तेवढंच आहे. तुम्हाला काय करायला सांगावं ते मला कळत नाही. कळवावंसं वाटलं.

वडीलकीच्या नात्याने राग मानू नये.

आपला,
कांग

—

पॅरिस
१८ नोव्हेंबर १९८५

ती. थोमताईस लुआनचा सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र लिहायला बसतो आणि उठतो. आज एका बैठकीत लिहितोय.

तू विचारायचं नाही म्हणालीस, म्हणूनच सांगतो. २१ जानेवारीला सकाळी पावणेसहाला मी जागा होतो. तळघरात पंचांगांचे गठ्ठे बांधत होतो. उदबत्तीचा पुडा खणात होता, काडेपेटी खिशात. घड्याळात सहा वाजलेले पाहिले. आईने वाडगा मांडला असेल हेही मनात आलं. मग मान खाली घातली आणि पुढचा गठ्ठा बांधला.

कोणी पाहत नव्हतं, ताई. समिती नव्हती, हनोई नव्हती. मी कुणाला दाखवत होतो?

तू माझ्या नावाने खोटी तार वाचलीस. ती तार मी पाठवायला हवी होती. छावणीत रोज चुका लिहून घ्यायचे, तेव्हा एकही खरी सापडली नव्हती. ही एक खरी.

मी त्यांच्यापुढे वाकलेलो नाही, हे पत्र मध्येच उघडणाऱ्यानेही लक्षात ठेवावं. मी तुझ्यापुढे वाकतोय. पाथरवटाला हा माझा शब्द दे. पहिल्या महिन्याची सहावी, रेड्याचं वर्ष, वय त्र्याऐंशी. आईने तेत पाहिलं होतं.

येत्या १४ फेब्रुवारीला ती तिथी येते. सकाळी सहाला मी उदबत्ती लावीन. तू बाराला वाढ.

तुझ्या लोभाला पात्र नाही, तरी मागतो.

लुआन

—

सा देक
२४ नोव्हेंबर १९८५

चि. लुआन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गप्प आहेस, म्हणून मीच लिहिते. जूनमध्ये फार बोलले. बोलले ते खरं होतं, पण सगळं खरं एका पाकिटात घालायचं नसतं.

काल तांदळाच्या डब्यातून तुझं मार्चचं पत्र काढलं आणि पाथरवटाकडे गेले. त्याने चष्मा लावून तुझा शब्द दोनदा वाचला, म्हणाला, मुलाने हे आधीच लिहिलं होतं, मग इतके महिने दगड का अडवलास? मी म्हटलं, बहीण आहे, अडवायचंच काम असतं. चाप महिन्याची सहावी, उंदराचं वर्ष, वय ब्याऐंशी. आज कोरून झालं. अक्षर सुरेख आहे, खोल आहे.

का केलं ते विचारू नकोस. एवढंच समज की शहर गेलं, शाळा गेली, आई गेली, सोबतीही गेले असतील कदाचित. एक तरी गोष्ट तुझ्या मनासारखी होऊ दे जगात. मला काय, मी झाडंवाली बाई, मला दोन्ही दिवस सारखे.

तुझी तिथी १५ जानेवारीला येते. बाराला मी आईचं पान वाढीन, कारल्याचं सार करीन. तू सहाला उदबत्ती लाव. या वेळी तरी लाव.

लोभ दगडावर कोरल्यासारखा आहे.

थोमताई

—

सा देक
२५ जानेवारी १९८६

चि. लुआन यास थोमताईचे आशीर्वाद. वि. वि.

१५ तारखेला आईचं केलं. सार केलं, ताट वाढलं, तुझा वाडगा मांडला. क्वेनला म्हटलं, आज मामा नक्की उठला असेल. उदबत्ती जळेपर्यंत दोघी बसलो, आईसारख्या.

काल दुपारी तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं.

अंगणात उभ्याने वाचलं. मग झाडाखाली बसले. क्वेनला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं. मी तिला पत्र दिलं, तिने वाचलं आणि हसायला लागली, मग तोंडावर हात घेऊन आत गेली.

तारखा बघ. तुझं १८ नोव्हेंबरचं, माझं २४ चं. एक येत होतं, एक जात होतं. आपल्या दोघांची पाकिटं इथे एकाच टेबलावरून जातात, लुआन. त्या टेबलावरच्या माणसाने तुझं वाचलं असेल, माझं वाचलं असेल. भाऊ बहिणीच्या तिथीला आलाय, बहीण भावाच्या तिथीला गेलीय, हे साऱ्या जगात त्या एकट्याला ठाऊक होतं. त्याने दोन्ही पाकिटं नीट चिकटवली आणि पाठवून दिली. या वेळी पेज दाट होती.

पाथरवटाकडे जाऊन आले. तो म्हणाला, कोरलेलं भरता येतं, सिमेंट घालून, पण वण राहील. आईच्या नावाखाली वण नको. दगड आहे तसाच राहू दे, तुझ्या तिथीचा.

माझं नोव्हेंबरचं पत्र तुला मिळालं असेल की नाही, माहीत नाही. मिळालं असेल तर तू परत आपल्या जुन्या तिथीवर जायचा विचार करत असशील. मीही काल रात्रभर तोच विचार केला, की १४ फेब्रुवारीला पुन्हा ताट वाढावं. मग वाटलं, आपण दोघं पुन्हा एकदा उठलो तर पुन्हा एकदा चुकू. म्हणून ऐक. मोठ्या बहिणीचा शब्द आहे, पाथरवटाला दाखवण्यासारखा. आता तू हलू नकोस. तू पहिल्या महिन्याची सहावी धर, १४ फेब्रुवारीला सकाळी सहाला उदबत्ती लाव. मी चाप महिन्याची सहावी धरते. मी तुझ्या तिथीला जेवू घालीन, तू माझ्या. एकत्र आपल्याला या जन्मात जमणार नाही, ते मी सोडलं.

आई मात्र दोन्हीकडे जाईल. ती कधी शेजारच्या विन्ह लाँगच्या पलीकडे गेली नाही, बोटीत तिला मळमळायचं. यंदा १५ तारखेला माझ्याकडे जेवून निघाली आहे. मध्ये महिना आहे. सावकाश चालत आली तरी पोचेल.

झाड या वेळी सगळंच खुडायचं ठरवलं होतं. आज पाहिलं, तर डावी बाजू विसरून तशीच राहिली आहे. राहू दे.

ती येईल तेव्हा दार उघडं ठेव. सार अळणी करू नकोस, तिने मीठ सोडलं नव्हतं.

तुझी,
थोमताई